पर्वरीच्या सोसायटीच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार सेक्रेटरी साहेब,

तुम्ही रिव्ह्यूत पाचपैकी एकच स्टार देऊन लिहिलंत की जुनी ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) केबल आमच्या कुंडईच्या शेडवर घातलीत, फलकावर 'केबल व प्लास्टिक रिसायकलिंग' असं असूनही आतल्या पांढऱ्या प्लास्टिकचा एक पैसा मिळाला नाही, उलट त्याचं वजन कापलं गेलं. दुसरा भंगारवाला अख्ख्या वजनाला भाव देत होता. आणि 'रिसायकल होणारी हाय व्होल्टेज केबल नसतेच' असं आमच्या शेडवरच्या मुलानं ऐकवलं. ही फसवणूक आहे, असंही तुम्ही म्हटलंत.

तीन चुका आमच्या आहेत. फलकावर सरसकट 'प्लास्टिक' लिहायला नको होतं. पावतीवर कपात वेगळी दाखवायला हवी होती, ती नव्हती. आणि मुलाचं बोलणं चुकीचं होतं. तिन्हींबद्दल मनापासून माफी मागतो. फलक बदलायला दिला आहे. 'फसवणूक' हा शब्द मात्र मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची केबल सोलली तेव्हा वरचं काळं पीव्हीसी निघालं, त्याखाली लोखंडी पट्ट्या, परत पीव्हीसी, मग तांब्याची पातळ पट्टी, काळा अर्धवाहक थर, आणि मग जेमतेम साडेतीन मिलिमीटर जाडीचं ते दुधी पांढरं आवरण. आत अ‍ॅल्युमिनियम. पीव्हीसी दळून त्याचे चपलांचे तळ, बागेतले पाइप होतात. पांढरं आवरण म्हणजे एक्सएलपीई, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधलेलं पॉलिथीन. साधं पॉलिथीन ११० अंशांच्या आसपास वितळतं, आणि शॉर्टसर्किटला केबलची तार क्षणभर २५० अंशांपर्यंत जाऊ शकते. म्हणून कारखान्यात पेरॉक्साइड नावाचं रसायन घालून, उष्णता देऊन त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधतात. त्यामुळेच ती केबल रोज ९० अंश सोसते. पण एकदा बांधलेल्या साखळ्या सुटत नाहीत. गूळ पुन्हा पातळ करता येतो, भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही.

तुमच्याच केबलची एक साल मी हॉट एअर गनखाली धरली होती. आधी काचेसारखी पारदर्शक झाली, चिमट्यानं ओढली तर रबरासारखी ताणली, पण थेंबभरही वाहिली नाही. थंड झाली तशी परत दुधी पांढरी. वितळतच नाही, मग नव्या वस्तू ओतायला लागतो तो प्लास्टिकचा दाणा यातून काढणार कसा? बारीक दळून दुसऱ्या मालात भर म्हणून वापरता येतं, पण आमच्याकडे तेवढं यंत्र नाही. आमचा माल जातो त्याच वाटेनं, जिनं गोव्यातलं निरुपयोगी प्लास्टिक कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जातं. त्याचं भाडं आम्ही भरतो, कपात त्यासाठीच होती.

अख्ख्या वजनाला जो भाव देतो त्याला एवढंच विचारा, तुम्ही सोलता की जाळता? रानात रात्री केबल पेटवली की सकाळी राखेतून धातू वेचता येतो, सोलण्याची मजुरी वाचते, म्हणून भाव परवडतो. पीव्हीसी उघड्यावर जळालं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायऑक्सिन निघतात. माझी स्वतःची शेती आहे, पोरं तिथे खेळतात. चार पैसे कमी मिळाले तरी हे मी करणार नाही, आणि करणाऱ्याशी भावात बरोबरीही करू शकत नाही.

आता जुनीच्या जागी नवी केबल घ्याल, तिच्याबद्दल. मुलगा काही म्हणो, रिसायकल होणारी हाय व्होल्टेज केबल असते. तिच्यात पॉलिप्रोपिलीन वापरतात, ते १६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे साखळ्या न बांधताही ९० अंश आरामात झेपतात. नुसतं पॉलिप्रोपिलीन फार ताठ, थंडीत ठिसूळ, म्हणून त्यात रबरासारखं मऊ पॉलिमर मिसळतात. प्रिस्मियन कंपनीची पी-लेझर ही अशीच केबल. इटलीच्या वीजजाळ्यात ती वर्षानुवर्षं चालते. पेरॉक्साइड नसल्यानं मागे राहणारे मिथेनसारखे वायू बाहेर काढायला केबल तापवून ठेवायचीही गरज नाही.

तरी घाई करू नका. आपल्याकडे ११ केव्हीला मागतात ते आयएस ७०९८ भाग २ हे भारतीय मानक, आणि ते एक्सएलपीईचंच आहे. वीज खात्याच्या कार्यालयात आधी विचारा, मंजुरी लेखी घ्या, मगच आगाऊ रक्कम द्या. आणि जुनी झाल्यावर तिचंही पुन्हा हाय व्होल्टेज आवरण होईल असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. तिथे धुळीचा कणसुद्धा चालत नाही, विजेचा ताण नेमका त्याच जागी एकवटतो. पाइप, क्रेट होतील, तेही काळा थर नीट वेगळा काढला तर.

तुमच्या केबलचा एक मीटर न सोलता ठेवला आहे, सोसायटीच्या नावाची चिठ्ठी लावून. रविवार सोडून कधीही या. तुमच्यासमोर सोलतो, प्रत्येक थर वेगळा काट्यावर घालतो. कपात किलोभरही जास्त निघाली तर फरक त्याच दिवशी देतो.

देव बरें करूं.

आपला,
शेडमालक