मागचं झाकण, २ नग

मिस्त्रींच्या बिलातली चौथी ओळ: ‘मागचं झाकण, २ नग, ९०० रुपये.’ शेजारी कंसात, उपकार केल्यासारखं, ‘मजुरी नाही’.

ज्या वस्तूचा सगळा जीव मागच्या मोकळेपणात, तिला झाकण. तेही नुसतं टेकवलेलं नाही. चारी कडांना फेविकॉल आणि वर दीड इंची स्क्रू, एका बाजूला सोळा.

प्रकरण थोडक्यात असं. माझ्याकडे आठ इंची फुल-रेंज (खालवरचे सगळे सूर एकट्याने वाजवणारे) स्पीकर आहेत, सपाट फळीवर बसवलेले. पेटी नाही, मागून उघडे. याला ओपन बॅफल म्हणतात. गायकाचा गळा त्यातून असा येतो की खाकरला तरी आपण पाणी आणायला उठतो. पण तबलजीचा डग्गा कुणीतरी पळवल्यासारखा. कारण सरळ आहे. स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे ओढत असतो. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या उलट. वरच्या स्वरांना फळी पुरते, पण खालच्या लांब लाटा फळीच्या कडेला वळसा घालून भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर ३०० हर्ट्झच्या आसपासपासून आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरायला लागतो. म्हणून खाली, बेससाठी, पंधरा इंची ड्रायव्हर (पेटीविना नुसता स्पीकर) जोडायचे.

पंधरा इंची म्हणजे कुठलाही पंधरा इंची नव्हे. मांडवात वाजणाऱ्यांचा क्यूटीएस (कोन किती सैल, किती घुमत राहतो त्याचा आकडा) बहुतेक ०.३ ते ०.४ असतो. त्यांना पेटी लागते, उघड्यावर ते सुकतात. इथे ०.७ च्या वरचा हवा. एमिनन्सच्या अल्फा १५ए चा १.२६ आहे, एफएस (ज्या स्वरावर तो आपणहून घुमतो तो) ४१ हर्ट्झ, म्हणून ओपन बॅफलवाली मंडळी त्याच्या मागे असतात. आता हा आकडा घेऊन बाजारात जा. दुकानदार ड्रायव्हर उलटा करून मागचा स्टिकर दाखवतो: १५ इंच, ६०० वॅट. बास! क्यूटीएस विचारला तर ‘साहेब, बेस पाहिजे ना? डॉल्बीवाले हाच नेतात.’ वॅट छापायला जागा आहे, पण एफएस, क्यूटीएस, एक्समॅक्स (कोन किती हलू शकतो ते) हे तीन आकडे छापायला कुणाच्या बापाचं काय जातं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. निदान एफएस घरी काढता येतो. ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घालायचा, ॲम्प्लिफायरमधून साइन टोन हळूहळू वर न्यायचा आणि ड्रायव्हरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरायचा. व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त, तो एफएस. ग्राहकाने हे करायचं, कारण छापणाऱ्याला वेळ नाही.

असो. मिस्त्री.

पंधरा इंचीसाठी एच-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ‘एच’सारखी चौकट, करायची होती: ४५ सेंटिमीटर रुंद, ४५ उंच, ४० खोल, अठरा एमएम प्लाय, मधोमध ड्रायव्हरची फळी, पुढून मागून सताड उघडी. चित्र मिलिमीटरमध्ये होतं. मिस्त्रींचा कारभार इंच आणि सूत. ‘भोक ३५१,’ मी म्हणालो. त्यांनी टेप पाहिली. ‘पावणेचौदा करतो.’ पावणेचौदा म्हणजे ३४९. दोन मिलिमीटरने ड्रायव्हर बसला नाही आणि मला दोन्ही भोकं कानशीने गोल घासत बसावं लागलं. पण ते नंतर. आधी हे झालं.

‘मागं काही लावायचं नाही, मिस्त्री.’

‘बरं.’ पेन्सिल कानावर. ‘मग मागं काय लावायचं?’

‘काहीच नाही. उघडं.’

‘पाल जाईल.’

‘जाऊ दे.’

‘घर करंल.’ मग माझी दया येऊन, ‘भितीला टेकवलं की झाकल्यासारखंच आहे म्हणा.’

‘भिंतीला टेकवायचं नाही. भिंतीपासून तीन फूट पुढे.’ (खरं म्हणजे एक मीटर. जवळ नेलं तर मागची लाट भिंतीवर आपटून पुढच्या बेसचा जीव घेते.)

त्यांनी दहा बाय पंधराच्या हॉलवरून नजर फिरवली. ‘म्हंजे मधोमध? आन् माणसं कुठं बसायची?’

प्रश्न रास्त होता, म्हणूनच राग आला.

‘देव्हाऱ्यालाबी पाठ असती, साहेब. कपाटाला असती. टीव्हीला असती. फ्रीजला...’

‘फ्रीजच्या मागे जाळी असते,’ मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

‘जाळी मारू?’

जाळीवरून आम्ही दहा मिनिटं गेलो. शेवटी त्यांनी मान डोलावली. ती मान ‘समजलं’ची नव्हती, ‘पोराच्या नादी लागू नये’ची होती. चार दिवसांनी फ्रेम आल्या, त्या झाकणासकट. ‘नकाशात काढायचं राहिलं व्हतं तुमचं. घेतलं करून.’

बंद पेटीत क्यू (तोच क्यूटीएसचा आकडा, आता पेटीसकट) चढतो, उतरत कधीच नाही. १.२६ वाल्याला तीस-पस्तीस लिटरमध्ये कोंडलं की सगळ्या सुरांचा एकच ‘ढुम्म’ होतो. स्क्रू निघाले, फेविकॉल निघेना. जिगसॉने आतून कापून काढावं लागलं. कडेला बोटभर काठ राहिलाय, चौकटीसारखा.

पुढचं मात्र जमलं, एकदा चुकून. आधी साधा क्रॉसओव्हर (खालचे सूर बेसला, वरचे आठ इंचीला वाटून देणारा) लावला होता. २०० हर्ट्झला ८ ओहमसाठी बेसला ६.४ मिलिहेन्रीची कॉइल, वरच्याला १०० मायक्रोफॅरड, बायपोलर. हिशोब बरोबर, आवाज बेकार. एकतर पंधरा इंचीचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) ८ ओहमवर राहतच नाही, एफएसपाशी डोंगर चढतो. दुसरं, फ्रेमची वीस सेंटिमीटरची पोकळी ३०० ते ४०० हर्ट्झच्या मध्ये कर्ण्यासारखी ओरडते आणि एवढ्या मंद उताराला ती दाबता येत नाही. कॉइल काढून टाकल्या. छोटा डीएसपी (हेच वाटप आकडेमोडीने करणारा डबा), बेसला वेगळा ॲम्प्लिफायर, १५० हर्ट्झ, २४ डेसिबलचा उतार, आणि ३५ च्या खाली कापणी. ती कापणी विसरू नये. उघड्या फळीवर एक सप्तक खाली उतरताना तेवढ्याच आवाजासाठी कोनला आठपट हलावं लागतं, आणि अल्फाचा एक्समॅक्स जेमतेम ३.८ मिलिमीटर. मग १५० चा टोन लावून बेसच्या तारा उलटसुलट करून पाहिल्या. ज्या जोडणीत आवाज भरतो, ती ठेवली.

काल मिस्त्री पैशाला आले. डग्गा घुमत होता. पुढ्यात उभे राहिले, मान हलवली. मागे गेले. ‘हितंबी तेवढाच की! निम्मा आवाज भितीला चाललाय. तरी म्हणलं व्हतं.’ मग बरोब्बर फळीच्या कडेशी, काटकोनात येऊन थांबले, जिथे पुढची आणि मागची लाट सारख्याच अंतराने येऊन एकमेकींना संपवते. हे स्पीकर शेजाऱ्यांच्या भिंतीला छळत नाहीत ते त्याच रेषेमुळे. तिथे त्यांनी कान लावला, तो काढला, दुसरा लावला.

‘हितला आवाज गेलाय,’ नऊशे रुपये मोजता मोजता मिस्त्री म्हणाले. ‘झाकण कापलं तवा तार तुटली आसंल.’