पुण्यातले हेल्मेट आणि कॅडवेलचा चढ

ज्या घरातली सतरा वर्षांची मुलगी शनिवार-रविवार मोटारसायकलच्या शर्यतीत उतरते, त्या घराने पुणेकरांना हेल्मेटबद्दल चकार शब्द सांगू नये, असे माझ्या मावसभावाचे, म्हणजे आमच्या दादाचे, ठाम मत आहे. ते घर आमचेच, इंग्लंडमधले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी हेल्मेट न घालता दुचाकीवर मागे बसणाऱ्यावरही कारवाई करण्याचे आदेश काढले आणि पुण्यात नेहमीचा गदारोळ उठला, तेव्हा ‘आदेश योग्यच आहे’ एवढेच मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले होते. त्याला मिळालेले हे उत्तर. पुढे ५ मे २०२५ रोजी, बँक हॉलिडेच्या, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या, सोमवारी, ओल्टन पार्कच्या ट्रॅकवर ब्रिटिश सुपरस्पोर्ट या मोटारसायकलच्या शर्यतीत पहिल्याच फेरीत अकरा स्वार एकाच अपघातात सापडले आणि दोघांचा मृत्यू झाला. ती बातमी दादाने ‘आता बोल’ एवढ्याच शब्दांसह मला पाठवली. तेव्हा मी गप्प राहिले, कारण पुढच्याच आठवड्यात आम्हाला मुलीच्या शर्यतीसाठी स्नेटरटनच्या ट्रॅकवर जायचे होते आणि घरात त्या विषयावर कोणीच बोलत नव्हते. आता हंगाम संपला आहे, गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली आहे, तेव्हा बोलते.

शर्यत धोकादायक नाही, असे मी कधीही म्हटलेले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा मुलगा गेला, त्यानंतर ‘आईबापांना अक्कल नाही का’ असे ज्यांनी विचारले त्यांच्यावर मला रागावता येत नाही. तो प्रश्न मीच दर खेपेला एम-वन महामार्गावर गाडी चालवताना स्वतःला विचारत असते. मात्र दादाला वाटते तशी ही बेफिकीर माणसांची जत्रा नसते, एवढे त्याने ऐकून घ्यावे. पहाटे साइन-ऑन, म्हणजे नावनोंदणी, मग मोटारसायकलची तपासणी: तेलाच्या बोल्टांना तारेने बांधले आहे ना, खालचा पॅन गळके तेल धरून ठेवील असा आहे ना, ब्रेकच्या लिव्हरला गार्ड आहे ना, आवाज मर्यादेत आहे ना. हेल्मेटवर एसीयूचा, म्हणजे इथल्या मोटारसायकल शर्यतींच्या नियामक संस्थेचा, सोनेरी शिक्का नसेल किंवा त्याला तडा दिसला, तर तुम्ही कितीही लांबून आलेले असा, ट्रॅकवर जाता येत नाही. गळ्यात नाव आणि जन्मतारीख कोरलेला बिल्ला घालावा लागतो. तो कशासाठी, हे मुलीला समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हा तिच्या वडिलांनी ते काम माझ्यावर ढकलले. नवख्या स्वाराने कपड्यांवरून नारिंगी बिब घालायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला कळते की पुढची व्यक्ती शिकाऊ आहे. अँब्युलन्स जखमीला घेऊन हॉस्पिटलला गेली आणि दुसरी जागेवर नसली, तर उरलेले सगळे हात बांधून थांबतात आणि कोणी कुरकुर करत नाही. वळणावळणावर झेंडे घेऊन पावसात उभे असलेले मार्शल बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात.

आणखी एक गोष्ट दादाला खरी वाटत नाही. कॅडवेल पार्कच्या ट्रॅकवर जी मुलगी चारशे सीसीची निंजा मोटारसायकल पूर्ण वेगाने चालवते, तिला आमच्या घरापासून लेस्टरच्या मार्केटपर्यंत ती गाडी नेण्याची परवानगी नाही. सतराव्या वर्षी सीबीटी हे प्राथमिक प्रशिक्षण करून एल-प्लेट, म्हणजे शिकाऊची पाटी, लावलेली सव्वाशे सीसी, पुढची पायरी एकोणिसाव्या वर्षी, आणि थेट परीक्षा देऊन हवी ती मोटारसायकल चालवायची तर चोविसाव्या वर्षापर्यंत थांबायचे. भारतात अठरा पूर्ण झाली आणि लायसन्स हातात आले की हजार सीसीसुद्धा चालते. या देशाने वेगाला ट्रॅकमध्ये कोंडून ठेवले आणि रस्त्यावर तरुणांना ताटकळत ठेवले, तर आपण ट्रॅक दूर चेन्नई-कोइमतूरला ठेवले आणि वेग सिंहगड रोडवर सोडून दिला, असे मी लिहिले, तेव्हा ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. वाक्य जमले म्हणून मी खूश होते, हे नाकारत नाही.

हेल्मेट हे मुळात शर्यतीचेच अपत्य आहे, हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा. इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवरचे डॉक्टर एरिक गार्डनर डोक्याला मार लागलेले स्वार सतत पाहत होते. त्यांनी कॅनव्हास आणि लाखेच्या लेपाचे हेल्मेट करवून घेतले आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅन टीटी या मोटारसायकल शर्यतीमध्ये ते सक्तीचे झाले. पुढे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये मोटारसायकलवरून पडला, त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास केला, आणि १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य माणसासाठी ब्रिटनमध्ये कायदा आला तो १९७३ मध्ये. म्हणजे धोका पत्करणाऱ्यांनी जे आधी स्वीकारले, ते दूध आणायला निघालेल्यांच्या गळी उतरायला जवळजवळ साठ वर्षे लागली. तेव्हा शर्यतवाल्यांनी हेल्मेटबद्दल बोलू नये, हे दादाचे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

‘पुण्यात गाडी वीसच्या वर जातेच कुठे?’ हा त्याचा पुढचा प्रश्न. पेठांमध्ये जात नाही, हे खरे. लक्ष्मी रोडची संध्याकाळ मी विसरलेली नाही. पण उभ्या स्कूटरवरून कोणी आडवा पडला, तरी दीड मीटरवरून खाली येणारे डोके जमिनीला लागते तेव्हा त्याचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर झालेला असतो. हे अकरावीचे गणित आहे आणि दादा अकरावीला गणित शिकवत असे. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले होते. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये मोटारसायकलवरचे ३५० जण गेले. हे आकडे असे शेजारी मांडणे न्यायाचे नाही, असे माझा नवरा म्हणतो: लोकसंख्या वेगळी, इकडे बहुतेक जण कारने फिरतात, मोटारसायकल हौसेची. त्याचे बरोबर आहे, तरी मी ते मांडतेच.

खरे तर या वादात दादाने वापरावे असे एक शस्त्र माझ्याजवळ आहे, ते मी त्याला अजून दिलेले नाही. फ्रेड हिल नावाचे एक निवृत्त ब्रिटिश गणिताचे शिक्षक, महायुद्धात निरोप्या म्हणून मोटारसायकल चालवलेले, १९७३ नंतरही हेल्मेटऐवजी डोक्यावर बेरे ही मऊ टोपी घालूनच हिंडत राहिले. दंड भरायचा नाही, तुरुंगात जायचे, सुटले की पुन्हा तेच. १९८४ मध्ये वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कैदेत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. सक्तीविरुद्ध इतका हट्ट धरणारा माणूस सदाशिव पेठेतच जन्मायला हवा होता, असे मला वाटून गेले. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांची कारवाई सुरू होताच पुण्यात मोर्चा निघाला, त्याला इकडे बसून मी ‘फक्त पुण्यातच होऊ शकते’ म्हणून हसले होते. तेव्हा मला फ्रेड हिल ठाऊक नव्हते.

त्यांची गोष्ट मला सांगितली ती आमच्या पॅडॉकमधल्या, म्हणजे ट्रॅकलगतच्या मुक्कामाच्या जागेतल्या, शेजाऱ्याने. लिंकनशरचा शेतकरी, नातू शर्यतीत आमच्या मुलीच्याच गटात पळतो, आमच्या गझीबोचे, म्हणजे उघड्या तंबूचे, खुंटे वाऱ्याने उपटले तर न विचारता ठोकून देणारा. कॅडवेलला मुलगी माउंटन नावाच्या चढावर आली आणि पुढचे चाक हवेत गेले, तेव्हा माझा हात त्याच्याच बायकोने धरला होता. तर या माणसाने जुलैमध्ये फोन पुढे करून मला एक चित्रफीत दाखवली: भारतातला कुठलासा चौक, एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन मुले, कोणाच्याही डोक्यावर काही नाही. त्याच्या हसण्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता. मला मात्र संताप आला. मी त्याला सांगितले की त्या माणसाला कार परवडत नाही, वेळेवर येणारी बस नाही, शाळा सव्वासातला भरते, आणि माझ्या वडिलांनी आम्हाला चेतकवर असेच वाढवले. पुढे मी उभी, मागे आई आणि तिच्या मांडीवर भाऊ, कोथरूडहून तुळशीबागेपर्यंत. त्या चेतकवर आम्ही फार सुखी होतो, हेही सांगितले. बोलून झाल्यावर लक्षात आले की गेले वर्षभर दादा मला जे सांगत होता, तेच मी इंग्रजीत म्हणत होते.

दादाचे एक वाक्य मला हेल्मेटपेक्षा जास्त लागले आहे: ‘पासपोर्ट बदललास, आता आमच्या रस्त्यांची काळजी आमच्यावर सोड.’ त्यावर मी पुण्यातल्या फ्लॅटचा मिळकतकर आजही वेळेवर भरते, असे उत्तर दिले. ते किती केविलवाणे होते, हे पाठवताना कळत होते. मला पुण्यात मत देता येत नाही, तिथल्या भांडणात तरी भाग घेता यावा, एवढेच मला हवे असते. पॅडॉकमध्ये सगळे चांगले वागतात, मुलीचे नाव निवेदक आता जवळपास बरोबर उच्चारतो, पण तिथे कुठल्याच बाबतीत मी कोणाशी तावातावाने भांडत नाही. भांडायला लागतो तो अधिकार मला फक्त दादाशीच असल्यासारखा वाटतो.

पुढच्या उन्हाळ्यात दादा आणि वहिनी महिनाभर आमच्याकडे येणार आहेत, आणि त्यातला एक शनिवार-रविवार कॅडवेलचा आहे. शेतकरी शेजाऱ्याला मी दादाबद्दल सांगितले आहे. हेल्मेटचा कायदा म्हणजे सरकारचा आगाऊपणा आहे, असे त्याचेही मत आहे. नातवाला मात्र तो हेल्मेटशिवाय सायकलवरही बसू देत नाही. ते दोघे फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून चहा पीत बसले, तर दहा मिनिटांत त्यांचे एकमत होईल याची मला खात्री आहे, आणि मग फ्रेड हिलही दादाला आपोआप मिळतील. आमचा गझीबो त्या शेजाऱ्याच्या बाजूला लावायचा की पॅडॉकच्या दुसऱ्या टोकाला, याबद्दल नवऱ्याचे आणि माझे अजून ठरलेले नाही.