आईच्या दंडाची कातडी

दीड महिन्यापूर्वी आई गावी अंगणात पाय घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातल्यावर मी तिला पुण्याला घेऊन आले. आई ७१ वर्षांची. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून तिला अंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. पहिले दोन दिवस ती फार संकोचली. "दे गं तांब्या हिकडं, घेते माझी मी," म्हणत डाव्या हातानं धडपडत राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं अंग सैल सोडलं.

त्या दिवशी तिच्या पाठीला साबण लावताना माझा हात थांबला. पाठ मऊ, एकसारख्या रंगाची, एक डाग नाही. ब्लाऊजच्या बाहीखाली झाकलेला दंड तर माझ्या दंडापेक्षा तुकतुकीत. आणि बाही जिथं संपते तिथं खडूनं ओढावी तशी रेघ. रेघेच्या खाली कातडी काळपट, राठ, ठिपक्याठिपक्यांची. मानेमागं आडव्यातिडव्या खोल रेघांच्या चौकटीच पडलेल्या. बाहीच्या वरची कातडी ७१ वर्षांची, खालचीही ७१ वर्षांचीच. मग एवढा फरक वयानं कसा पडेल?

तो उन्हानं पडलाय. सांगोल्याच्या रानात चाळीसेक वर्षं ज्वारी काढली, तूर तोडली, नंतर डाळिंबाच्या बागेत खुरपणी केली. सकाळी नऊला रानात जायचं आणि दिवस कलल्यावर परतायचं. ब्लाऊजच्या बाहीनं जेवढं झाकलं तेवढं वाचलं.

तेव्हापासून मी हा विषय जरा नीट वाचतेय, आणि जे कळलं ते मला इथं सांगायचंय, कारण आपल्या घरांत कातडीबद्दल एकतर "वय झालं की व्हायचंच" असं बोलतात, नाहीतर गोरं व्हायचं बोलतात. तिसरं काही कुणी बोलतच नाही.

उन्हातले अतिनील किरण आपल्यापर्यंत येतात ते दोन जातींचे. यूव्हीबी किरण कातडी भाजतात, ते लगेच कळतं. यूव्हीए खोल शिरतात आणि तेव्हा काही कळत नाही. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. बाजेची सुंभं असतात ना, तसं त्यांचं काम. सुंभ सैल पडलं की बाजेला झोळ येतो. यूव्हीए ही सुंभं वर्षानुवर्षं तोडत राहतात. वयानंही कोलॅजन कमी होतं, हे खरं आहे, पण ते हळूहळू. आईचा दंड म्हणजे नुसतं वय. आईचं मनगट म्हणजे वय अधिक ऊन.

यूव्हीबी काचेतून फारसे येत नाहीत, पण यूव्हीए साध्या काचेतून आत येतात. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. चेहऱ्याची उजवी बाजू त्याच्या वयाला शोभेल अशी आणि खिडकीकडची डावी बाजू जाड, लोंबलेली, सुरकुत्यांनी भरलेली. मोबाईलवर तो फोटो पाहिला आणि मला माझा मोठा भाऊ आठवला. दादा २० वर्षं टेम्पो चालवतोय. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो, त्यामुळं त्याचा उजवा हात आणि उजवा गाल. दिवाळीला ओवाळताना मी मुद्दाम दिवा जरा जवळ धरून पाहिलं. उजव्या डोळ्याच्या कडेच्या रेघा डावीपेक्षा ठळक होत्या.

"आपली कातडी सावळी, आपल्याला उन्हाचं काय," असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य आपल्याला बरंच सांभाळतं, त्यामुळं गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला सुरकुत्या उशिरा येतात आणि कातडीचा कॅन्सरही खूप कमी होतो. पण ऊन आपल्या कातडीवर वेगळ्या रूपात उमटतं. गालांवर वांग येतो, कपाळ काळवंडतं, डाग पडले की जाता जात नाहीत. माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्या जणी चाळिशीत वांगासाठी डॉक्टरांकडं गेल्यात. सुरकुतीची तक्रार अजून एकीचीही नाही.

आता जे लिहिणार आहे ते मला जड जातंय.

माझी मुलगी आठवीत असताना तिची मान मागून काळी पडायला लागली. मखमली, जाडसर काळेपणा. मला वाटलं मळ आहे, अंघोळ नीट करत नाही. मी रविवारी तिला बाथरूममध्ये बसवून मान घासायचे. आधी डाळीचं पीठ, मग लिंबू-साखर, मग प्लास्टिकची घासणी, आणि एकदा तर टाचेची वजरी. ती रडायची. "आई, आग होतीये," म्हणायची. शाळेत बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "मान धूत नाहीस का गं?" त्यानंतर तिनं केस वर बांधणंच सोडलं.

वर्षभरानं तिच्या अनियमित पाळीसाठी डॉक्टरांकडं गेलो. मॅडमनी पाळीचं विचारायच्या आधी तिची मान पाहिली, मग काखा पाहिल्या, आणि मला म्हणाल्या, "हा मळ नाहीये, हिला घासू नका." त्या काळेपणाला अॅकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. बहुतेक वेळा त्याचं मूळ इन्सुलिनमध्ये असतं. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की शरीर ते जास्त जास्त तयार करतं आणि त्या वाढलेल्या इन्सुलिननं मानेची, काखेची कातडी जाड आणि काळी होते. साखरेचा आजार व्हायच्या कितीतरी आधी शरीरानं दिलेली ही सूचना. आणि मी ती सूचना वजरीनं पुसत होते.

घासण्यानं तर उलटंच होतं. सतत घासलं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी रंग तयार करते. प्लास्टिकच्या घासणीनं पाठ, खांदे, हाताच्या हाडांवरची कातडी काळी पडलेली कितीतरी माणसं आपल्या आसपास आहेत. लिंबाचंही तसंच. लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी अक्षरशः भाजते आणि काळे पट्टे उठतात. लिंबू-साखर लावून गच्चीत बसायचे सल्ले मोबाईलवर फिरतात, कृपा करून ते पुढं पाठवू नका.

मॅडमनी मलम दिलंच नाही. काय खाते, कधी झोपते, किती चालते, एवढंच विचारलं. सकाळी चहात बुडवून पाच-सहा बिस्किटं, संध्याकाळी क्लासच्या आधी वडापाव, वर थंडपेय, रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल. ते हळूहळू बदललं. सकाळी नाचणीची भाकरी किंवा अंड्याचं ऑम्लेट, क्लासला सायकल, मोबाईल साडेदहाला हॉलमधल्या टेबलावर. वजन ७ किलोनं उतरायला आठ महिने लागले. मान त्याच्याही मागून, इतकी हळू उजळत गेली की रोज पाहणाऱ्या मला कळलंच नाही. एका सकाळी ती केस वर बांधून कॉलेजला निघाली तेव्हा कळलं. घासल्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं ना." मला माहीत नव्हतं, म्हणून तर हे लिहितेय.

साखर जास्त झाली की ती कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते आणि धागे ताठर होतात, हेही नंतर वाचलं. विडी-सिगारेटचं तर सगळ्यांना ठाऊक आहे, तिनं कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कोलॅजन तुटतं. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांची मिश्री कुणी मोजत नाही. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो घरभर पसरणारा ठसका माझ्या लहानपणातला आहे. "दात घासते फक्त," म्हणणारी चुलती दिवसातून पाच वेळा दात घासायची. ती तोंडाच्या कॅन्सरनं गेली.

आणि आता गोरेपणाचं. शेजारच्या एका मुलीनं लग्नाआधी औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांना न विचारता, एक ट्यूब आणून लावायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं. चार महिन्यांनी गालांवर लाल शिरा दिसायला लागल्या, लव वाढली, मुरूम आले. ट्यूब बंद केली की चेहऱ्याची आग आग. त्यात स्टेरॉईड होतं. स्टेरॉईडचं मलम इसबावर, डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस लावलं तर वरदान आहे. रोज क्रीमसारखं चेहऱ्यावर लावलं की कातडी कागदासारखी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी दुकानात नुसतं नाव सांगितलं की मिळतात. बिनानावाच्या काही क्रीममध्ये पारा सापडलाय, तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडं खराब करतो. सावळी मुलगी सावळीच छान असते, हे आपण घरात मोठ्यानं म्हणत नाही तोवर या ट्यूब विकल्या जाणार.

सनस्क्रीनबद्दल मला खूप जणी विचारतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नांबूर गावात ९०३ माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी जुनी होण्याचं प्रमाण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. तिथली माणसं गोरी, म्हणून आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, पण दिशा तीच. घेताना एसपीएफ ३० च्या पुढचं घ्या आणि पीए पुढं किती अधिकची चिन्हं आहेत तेही बघा. एसपीएफ हा मुख्यतः यूव्हीबीचा हिशोब आहे, पीए हा यूव्हीएचा. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असेल तर रंग मिसळलेलं, म्हणजे टिंटेड, जास्त उपयोगी पडतं, कारण दिसणारा उजेडही वांग वाढवतो.

पण एवढं लावायचं तर महिन्याला एक ट्यूब संपते आणि ती चारशे-पाचशेला येते. खुरपायला जाणाऱ्या बाईला सनस्क्रीन लावा म्हणून मी सांगू शकत नाही. तिला सांगायची गरजही नाही, तिला उपाय ठाऊक आहे. नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर घालायचा, डोक्याला टॉवेल बांधायचा, पदर मानेवरून पुढं घ्यायचा. गाजरगवतानं अंग खाजू नये म्हणूनही हाच शर्ट. पुण्यात स्कूटीवर स्कार्फ गुंडाळून, सनकोट घालून जाणाऱ्या मुलींना लोक नावं ठेवतात. मला त्या मुलींचा अभिमान वाटतो. घट्ट विणीचं जाड कापड हे आजही सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. आणि सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत शाळांनी मुलांना मैदानावर कवायतीला उभं करू नये, हे मी पालकसभेत दोनदा बोलले आहे आणि पुन्हा बोलणार आहे. ड जीवनसत्त्वासाठी हातापायांना थोडा वेळ ऊन मिळालं तरी काम होतं, त्यासाठी चेहरा भाजायची गरज नाही.

परवा आईचं प्लास्टर कापलं. आतून कोंडा निघाला, आणि त्याखालचा हात डाव्या हातापेक्षा चांगलाच उजळ होता. घरी आल्यावर तिनं दोन्ही हात मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसली. मी खोबरेल तेल घेऊन जवळ बसले. "आता कुणाला दावायचंय गं," असं म्हणाली, पण हात मागं घेतला नाही.

रविवारी तिला गावी सोडायचंय. डाळिंबाकडं जाणारच, ते मी थांबवू शकत नाही. आण्णांचे दोन जुने शर्ट काढलेत, सुती, पूर्ण बाह्यांचे. एकाच्या मनगटाची गुंडी तुटली होती, ती काल रात्री लावून घेतली.