काकू विचारतात, नळ आले का?

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर महाराज बाड्याचा, म्हणजे आमच्या जुन्या चौकाचा, व्हिडिओ आला. टाऊन हॉलवर रोषणाई, खाली लिहिलेलं, "आपलं ग्वाल्हेर! परदेशात असल्यासारखं वाटतं." धडाधड बदाम पडले. तेवढ्यात गोठीतल्या, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीतल्या, काकूंचा फोन. त्या "कशी आहेस" विचारत नाहीत. "तुमच्याकडे नळ आले का गं?"

काकू आमच्या जुन्या वाड्यातल्या भाडेकरू. वय ७५, वरच्या मजल्यावर एक खोली. पाणी जिना चढत नाही, म्हणून त्या पहाटे चारला खाली पायरीवर येऊन बसतात. नळाच्या तोंडाला पंचाचा तुकडा बांधलेला. आधी हवा फुसफुसते, मग गढूळ पाणी येतं, ते सोडून द्यायचं, मग कळशी लावायची. आज कळशी अर्धी भरली आणि शेजारी कोणीतरी टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लावला. धार तुटली ती तुटलीच.

बाड्यापासून ही गोठ चालत सात मिनिटांवर आहे हो!

मान्य, बाडा छान दिसतो. मीही भाच्याला घेऊन फोटो काढलेत. २०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं तेव्हा ऊर भरून आला होता. गल्ल्या अरुंद आहेत, खोदणं सोपं नाही, हेही मान्य. पण १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि लश्कर हा आमचा जुना भाग वसला, तो याच गल्ल्यांतून. तिघरा धरण १९१६ चं, आजही आपण त्याच्याच पाण्याकडे डोळे लावून असतो. ज्यांना जमलं ते नव्या वस्तीत, सिटी सेंटरकडे गेले, बोअरिंग करून मोकळे झाले. आम्हीही गेलो. मागे राहिले भाडेकरू, एकट्या बायका, एका खोलीत पाच-पाच जण राहणारे हातगाडीवाले. त्यांच्यासाठी कोण भांडणार?

काकू भांडल्या. गेल्या महिन्यात अर्ज घेऊन गेल्या होत्या, दोन तास बाकावर बसल्या. खिडकीतून एकच प्रश्न आला, "कनेक्शन किसके नाम पर है?" झालं. चाळीस वर्षं भाडं भरलंय त्यांनी, पण कागदावर त्या कुठेच नाहीत. कागदावर नसलेल्या माणसाला तहान लागत नाही का?

हे लिहिता लिहिता राग माझ्यावरच येतोय. कनेक्शन आमच्या आजोबांच्या नावावर आहे. ते जाऊन अठरा वर्षं झाली. वाटणीचं घोंगडं भिजत पडलंय म्हणून नाव बदललं नाही, आणि आमच्या त्या आळसापायी काकू पहाटे चारला पायरीवर.

काकूंनी तक्रार केली नाही. उलट म्हणाल्या, "असू दे गं, तुझी आई होती तेव्हा ती माझी कळशी आधी लावायची."

दादा, माई, पुण्याचे दोघं, तुम्ही सगळे वाचताय मला माहीत आहे. नाव बदलायला चौघांच्या सह्या लागतात. रविवारी मी कागद पाठवतेय.