मैदानाला 20 फेऱ्या मारून मॅचचा दम येत नाही

फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये फिरणारा एक मेसेज भाचीच्या संघाच्या ग्रुपवरही पोहोचला आणि तिच्या आईला तो पटला. म्हणून हे लिहायलाच हवं. मेसेजचं म्हणणं असं: सरावात चार-चारचे छोटे सामने म्हणजे टाइमपास, दम वाढवायला रोज मैदानाला 20 फेऱ्या मारा, मध्ये पाणी देऊ नका, गुडघा दुखला तर ते वाढीचं दुखणं समजून खेळू द्या.

आधी फेऱ्या. 105 बाय 68 मीटरच्या मैदानाला 20 फेऱ्या म्हणजे जवळपास 7 किलोमीटर, तेही एका लयीत. मॅचमध्ये असं कोण धावतं? तिथे दर काही सेकंदांनी वेग घ्यायचा, थांबायचं, वळायचं असतं.

क्रीडा-संशोधक इम्पेलिझेरी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ज्युनियर खेळाडूंचे दोन गट करून हेच तपासलं. आठवड्यातून दोनदा, 4-4 मिनिटांचे 4 डाव. एक गट नुसता धावला, दुसरा छोटे सामने खेळला. 12 आठवड्यांनी दोघांचा दम आणि मॅचमधलं धावणं सारखंच सुधारलं होतं. मग चेंडू सोडून नुसतं पळवायचं कशाला? ते खेळाडू ज्युनियर असले तरी लहान मुलांपेक्षा मोठे होते. लहानांना 2-3 मिनिटांचे डाव पुरतात. सामना रेंगाळतो तो चेंडू बाहेर गेल्यावर. म्हणून कडेला 8-10 चेंडू ठेवा आणि लगेच नवा आत टाका.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. 30 बाय 20 मीटरच्या चौकटीत आठ जण म्हणजे प्रत्येकाला 75 चौरस मीटर. पूर्ण मैदानावर बावीस जणांत ही जागा 325 च्या आसपास जाते. छोट्या जागेत वेग घेणं आणि ब्रेक लावणं भरपूर होतं, पण पूर्ण वेगाने लांब पळायला जागाच नसते. ती सवय नसलेल्या मांडीच्या मागच्या स्नायूवर मॅचमध्ये एकदम ताण येतो. उपाय फेऱ्यांचा नाही. वॉर्म-अपनंतर, पाय ताजे असताना, 30 मीटरच्या 4-6 स्प्रिंट घ्या आणि प्रत्येकीनंतर किमान मिनिटभर थांबू द्या. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे.

पाण्यावर वाद कसला घालायचा! प्रत्येक डावानंतर द्या.

गुडघ्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. उंची झपाट्याने वाढते त्या वयात वाटीखालचा स्नायुबंध नडगीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तिथे हाड अजून पक्कं झालेलं नसतं. उड्या, किक आणि धावणं यांच्या ओढीने तिथे टेंगूळ येतं, दाबलं की कळ येते. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेतही असंच होतं. हे दुखणं वाढीच्या वयातलं आहे, पण ते ताणाने वाढतं. त्यामुळे उड्या आणि स्प्रिंट कमी करायच्या, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यायची. मूल लंगडत असेल तर त्या दिवशी खेळ बंद. सूज असेल, रात्री दुखून जाग येत असेल किंवा आराम देऊनही दुखणं हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.