बिनपगारी कारकून

केंद्र सरकारच्या पणजीतल्या एका कार्यालयात मी आयुष्यभर कारकुनी केली. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे वाक्य मी इतक्या सुरांत म्हणू शकत असे की ऐकणाऱ्याला नेमके कळायचे: साहेब खरोखरच मीटिंगला गेलेत, की मांडवीकाठी चहा घेतायत, की जुने साहेब बदलून गेले आणि नव्यांचा अजून पत्ता नाही. वेबसाइटला हे जमत नाही. ‘सर्व्हर डाउन’ म्हणताना तिचा सूर कधी बदलत नाही. थांबावे की घरी जाऊन जेवून यावे, कसे कळणार?

निवृत्त झालो तेव्हा वाटले, सुटलो. पण सरकार ऑनलाइन झाले आणि लक्षात आले की कारकुनी कुठेही गेलेली नाही, ती फक्त खिडकीच्या अलीकडे आली आहे. पूर्वी नाव, वडिलांचे नाव, पत्ता मी विचारायचो आणि रजिस्टरात उतरवायचो. आता अर्जदाराने हे सगळे स्वतः टाइप करायचे, कागद स्वतः स्कॅन करायचे, फोटो ५० केबीच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि २० केबीच्या खालीही उतरू द्यायचा नाही, आणि चूक निघाली की आपला अर्ज आपणच आपल्याला परत करायचा. हे सगळे बिनपगारी. टीए-डीएचे तर नावच नको.

त्यातून नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा परीक्षेचा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला दरवर्षी पटवून द्यावे लागते. पूर्वी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाऊन साहेबापुढे उभे राहायचो. तिथे जुने सहकारी भेटायचे, कोण आहे आणि कोण गेला याची आपोआप हजेरी व्हायची. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आले आणि अंगठा टेकवून दाखला मिळू लागला. पण कारकुनाचा अंगठा! जन्मभर कागद उलटून त्यावर रेषा म्हणून उरलेली नाही. २०२१ मध्ये फोनला चेहरा दाखवायची सोय झाली. सोय चांगलीच आहे, उगाच नावे ठेवणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीत घालून बँकेच्या पायऱ्या चढवताना मी पाहिले आहे.

अडचण आमच्या घरात होती. शिंपल्यांच्या खिडक्यांतून येईल तेवढाच उजेड. फोनने चेहरा गोलात आणायला सांगितला, आणला. डोळे मिचकवायला सांगितले, मिचकावले. बायको म्हणाली, “अहो, असे कुणाला खुणावताय? नुसती उघडझाप करा.” चष्मा काढला तर गोल दिसेना, घातला तर काचेवर पंखा फिरू लागला. शेवटी अंगणात तुळशीसमोर जाऊन उभा राहिलो, कारण रेंजही तिथेच मिळते. तुळशीच्या लग्नाची तयारी चाललेली, वृंदावनाला नुकताच रंग लावलेला, आणि मी त्याच्यापुढे ताठ उभा राहून डोळे मिचकवतोय. पलीकडून शेजारीण ओरडली, “कितें जालें? दोळ्यांत कितें गेलें?”

रेंज का नाही, ही आणखी वेगळी कथा. गावात टॉवर नको असा ठराव आमच्या ग्रामसभेने एकमताने केला. त्या सभेला या म्हणून सगळ्यांना निरोप गेला तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर. रेंज नसल्यामुळे निम्म्यांना तो सभा झाल्यावर मिळाला.

डिजिटल सहीला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने शाईच्या सहीचा मान दिला, त्याला पाव शतक झाले. मी एक दाखला घरबसल्या डाउनलोड केला. सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह. संगणकावर उघडून सही पडताळली की त्याची हिरवी खूण होते, पण छापलेल्या कागदावर प्रश्न तसाच राहतो. हा कागद जिथे द्यायचा होता तिथल्या खिडकीवरच्या मुलाने तो उजेडात धरला आणि विचारले, “काका, सही खंय?” मी त्याला कायदा समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतले. “तें सगळें खरें, पूण शिक्को मारून हाडात.” शिक्का! माझा ऊर भरून आला. ज्या कार्यालयाने दाखला ऑनलाइन दिला होता, तिथेच तो हातात घेऊन गेलो आणि त्यावर शिक्का मारून आणला.

तक्रारींचेही असेच. आमच्या वेळी तक्रारीला आवक क्रमांक पडायचा, मग फाइल टेबलाटेबलावरून हिंडायची. तिचे काय झाले हे कळले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरायचे आणि ३० दिवस वाट पाहायची. आता लोक फोटो काढतात आणि मंत्र्याला टॅग करतात. पावसात आमच्या फणसाची फांदी विजेच्या तारेवर टेकली. मी रीतसर अर्ज दिला: विषय, संदर्भ, महोदय, सगळे जागच्या जागी. फांदी हलली नाही. मग भाच्याने तिचा फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिले, ‘मेल्यार कोण जापसालदार?’, म्हणजे कुणी मेले तर जबाबदार कोण. काहींनी सत्ताधाऱ्यांना शिव्या दिल्या, काहींनी विरोधकांना, एकाने ‘पणस कापो काय रसाळ?’ अशी चौकशी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन दारात हजर!

आमच्या वाडीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते. तिच्या दारातला खांब कधीचा वाकलाय. पण तिचा भाचा फेसबुकवर नाही, त्यामुळे सरकारदरबारी तो खांब सरळच आहे.

लाइनमनने फांदीकडे पाहण्याआधी खिशातून मोबाइल काढला. कामाआधीचा, काम चालू असतानाचा आणि काम झाल्यावरचा असे फोटो साहेबांना पाठवावे लागतात. जोडीदार रजेवर होता. “बाबा, मातशी शिडी धरात.” धरली. मग वरून फोन माझ्या हातात आला. “म्हजो फोटो फांटी कापताना येवपाक जाय.” एका हाताने शिडी, दुसऱ्याने फोन, डोक्यावर फणसाचा चीक. काम संपल्यावर फोटो कुठून जातील ते तुळशीपाशी नेऊन मीच दाखवले.

शेवटचा फोटो बायकोने काढला होता. संध्याकाळी तो वीज कार्यालयाच्या फेसबुक पानावर झळकला. लुंगी-बनियनमध्ये शिडी धरून मी, आणि वर ओळ: ‘भरपावसातही आमचे कर्मचारी सेवेला तत्पर’. खाली पहिलीच कॉमेंट होती, ‘ह्या म्हाताऱ्याक आतां तरी रिटायर करात!’ तिला लाइक बरेच पडले. त्यातला एक भाच्याचा होता.