मालमत्ता, चोरी आणि दिवाळी अंक

३० डिसेंबर २०२२ ला कॅनडात कॉपीराइटची मुदत वाढली. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं होती, ती ७० झाली. त्यामुळे २०४३ उजाडेपर्यंत इथे एकाही लेखकाचं साहित्य मुदत संपून खुलं होणार नाही. टोरांटोतल्या माझ्या ऑफिसात हे कुणाच्या गावीही नव्हतं. मालमत्ता म्हटलं की ती वारसांकडे जितकी राहील तितकं बरं, असंच सगळे धरून चालतात. मेलेला लेखक वीस वर्षं जास्त मिळाली म्हणून काही नवं लिहिणार नाही, हे कोण बोलणार? आपल्याकडेही तेच. टागोरांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा ५० ची ६० झाली.

बडोद्याच्या आमच्या दांडियाबाजारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच्या उलट टोकाचा वाद चालतो. कुणी दिवाळी अंकाची पीडीएफ टाकली की एक जण "ही सरळ चोरी आहे" म्हणतो आणि दुसरा "ज्ञान दिल्यानं वाढतं" म्हणून मोकळा होतो. ताजा अंक असा फिरवू नये, याबद्दल मला शंका नाही. संपादकाचं गिऱ्हाईक तुटतं. पण चोरीत मालकाकडे वस्तू उरत नाही, इथे उरते. आपला १९५७ चा कायदा याला उल्लंघन म्हणतो आणि तरी तीन वर्षांपर्यंत कैद सांगतो, म्हणजे "चोरी" न म्हटल्यानं गुन्हा हलका होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही १९८५ मध्ये, एल्विस प्रेस्लीच्या विनापरवाना रेकॉर्डच्या खटल्यात, उल्लंघन म्हणजे चोरी असं सरसकट मानायला नकार दिला.

मुदत, सवलती आणि वाचकाचा वाटा हे या कायद्याचेच भाग आहेत, पण "चोरी" म्हटलं की त्यांच्यावर बोलणंच थांबतं. छायाप्रतींवरून दिल्ली विद्यापीठाविरुद्ध प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की कॉपीराइट हा दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, गावोगाव वाचनालयं काढली, पेट्या भरून पुस्तकं फिरवली. एकच प्रत कितीतरी घरांत वाचली जाई आणि लेखकाला पैसे मिळत ते त्या एका प्रतीचे. त्याला कुणी चोरी म्हटलं नाही.

ग्रुपवरच्या एका काकांना एक जुनं प्रवासवर्णन हवंय. लेखक १९७० च्या दशकात वारले, प्रकाशन बंद पडलं, पुस्तक पुन्हा छापलं गेलं नाही. त्याचं स्कॅन ग्रुपवर टाकणं कायद्यात बसत नाही, हे खरं. मग काकांना चोर म्हणणाऱ्यांनी ते विकत कुठे मिळतं, तेवढं सांगावं.